वाढतें ऊन आणि राष्ट्राची कमाई



चैत्र लागला कीं वर्तमानपत्रांत उन्हाळ्याच्या बातम्या येऊं लागतात. अमुक गांवीं पारा इतका चढला, तमुक ठिकाणीं उष्माघातानें माणूस दगावला, कोठें रस्त्याचें डांबर पाघळलें. आपण त्या वाचतों, क्षणभर हळहळतों आणि पान उलटतों. परंतु उन्हानें होणारें एक फार मोठें नुकसान असें आहे कीं, त्याची बातमीच होत नाहीं. त्यांत कोणी मरत नाहीं, कांहीं कोसळत नाहीं, कोठें आग लागत नाहीं. काम करणाऱ्या माणसाचा हात थोडा मंदावतो, एवढेंच घडतें. हा मंदावलेला हात देशाच्या कमाईंतून किती वजा करतो, आणि पृथ्वीचें हवामान उत्तरोत्तर तापत असतांना ही तूट शेवटीं कोणाच्या अंगावर पडते, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकच्या पुढें माझें शिक्षण झालें नाहीं आणि सारें आयुष्य मुलांना गणित व भूगोल शिकविण्यांत गेलें. तेव्हां विषय मांडतांना मी या दोन विषयांची कास सोडणार नाहीं.

प्रथम घरचेंच एक उदाहरण सांगतों. माझ्या लहानशा घराच्या दोन भिंतींचा गिलावा करावयाचा होता. पैशांच्या सोयीप्रमाणें एक भिंत मीं मार्गशीर्षांत करवून घेतली व दुसरी वैशाखांत. दोन्ही भिंती सारख्याच लांबी-रुंदीच्या, गवंडी तोच, त्याच्या हाताखालचा बिगारीही तोच. पहिली भिंत पांच दिवसांत झाली. दुसरीला सात दिवस लागले. मीं जरा नाराजीनेंच विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, हात तोच आहे, पण दुपारचा तो माझें ऐकत नाहीं." काम उक्तें दिलें होतें, म्हणून मजुरी दोन्ही वेळां सारखीच पडली. माझें कांहींच गेलें नाहीं. त्याचे मात्र दोन दिवस गेले. पांच दिवसांच्या मोबदल्यांत त्यानें सात दिवस काम केलें आणि ही गोष्ट कोणत्याही वहींत नोंदली गेली नाहीं. पुढें मीं जें वाचलें व ताडून पाहिलें, त्याचा आरंभ या भिंतीपासून झाला.

आतां राष्ट्राचें उत्पन्न म्हणजे काय, तें पाहूं. देशांतील सर्व माणसांनीं वर्षभरांत जें जें निर्माण केलें, म्हणजे पिकविलेलें धान्य, विणलेलें कापड, बांधलेलीं घरें, चालविलेल्या गाड्या, शिकविलेले धडे, त्या सर्वांच्या किमतीची बेरीज म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न. ही बेरीज तीन अंकांच्या गुणाकारानें समजून घेतां येते. काम करणारीं माणसें किती, तीं किती तास काम करतात, आणि एका तासांत किती काम होतें. यांतील तिसऱ्या अंकाला उत्पादकता असें म्हणतात. माणसें तितकींच आहेत असें धरलें, तरी ऊन दुसऱ्या व तिसऱ्या अशा दोन्ही अंकांना एकदम कमी करतें. दुपारीं काम थांबलें म्हणजे तास घटतात; न थांबवितां रेटलें तर तासाचें काम घटतें. कोणत्याही वाटेनें गेलें तरी गुणाकार लहानच होतो.

असें कां व्हावें? याचें उत्तर आपल्या शरीराच्या रचनेंत आहे. शरीराच्या आंतील उष्णता सुमारें ३७ अंश सेल्सिअस राखणें ही निसर्गाची सक्त ताकीद आहे. माणूस फावडें मारतो किंवा ओझें उचलतो, तेव्हां स्नायूंनीं खर्चिलेल्या शक्तीपैकीं फार तर एक चतुर्थांश प्रत्यक्ष कामीं लागते. बाकीचे तीन हिस्से उष्णता होऊन शरीरांतच सांठतात. ती बाहेर टाकली नाहीं तर माणूस थोड्याच वेळांत कोसळेल. हवा थंड असली म्हणजे ही उष्णता कातडीवाटे सहज निघून जाते. हवाच शरीराइतकी तापली म्हणजे घामाशिवाय दुसरा उपाय उरत नाहीं. एक लिटर घाम अंगावर पूर्णपणें सुकला, तर तो सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. परंतु तो सुकला पाहिजे. हवेंत आधींच बाष्प भरलेलें असेल तर घाम नुसता ओघळतो, सुकत नाहीं, आणि शरीर थंड होत नाहीं. म्हणूनच चंद्रपुराकडील कोरडें ऊन पाऱ्यावर अधिक दिसत असलें, तरी मुंबई-रत्नागिरीकडील कमी अंशांची दमट दुपार मजुराला तितकीच जाचते. अशा वेळीं हृदयाला दोन धनी होतात. स्नायूंना रक्त पुरवावयाचें, आणि कातडीकडेही रक्त धाडून उष्णता बाहेर टाकावयाची. दोन्ही साधत नाहींत, म्हणून शरीर आपोआप कामाचा वेग उतरवितें. हा वेग उतरणें म्हणजे आळस नव्हे. तें शरीरानें केलेलें आत्मरक्षण आहे.

हें लक्षांत ठेवणें अवश्य आहे, कारण युरोपांत दीर्घ काळ याच्या उलट शिकविलें गेलें. माँतेस्क्यू या फ्रेंच तत्त्वज्ञानें १७४८ साली प्रसिद्ध केलेल्या कायद्यांवरील ग्रंथांत उष्ण देशांतील लोक स्वभावतःच निर्बल व निरुत्साही असतात असें प्रतिपादन केलें. पुढें राज्यकर्त्यांना हें मत फार सोयीचें झालें. गंमत अशी कीं, हिंदी माणसाला सुस्त ठरविणारे हेच राज्यकर्ते १८६४ पासून उन्हाळा लागतांच आपली राजधानी कलकत्त्याहून सिमल्याला नेत, आणि मुंबई सरकारही उन्हाळ्यांत महाबळेश्वर गांठी. उन्हांत डोकें चालत नाहीं, हें त्यांना स्वतःपुरतें पक्कें ठाऊक होतें. ज्या उन्हाला भिऊन साहेब डोंगर चढे, त्याच उन्हांत खालीं रेल्वेचा रूळ टाकणाऱ्या मजुराच्या मंद हाताला मात्र स्वभावदोष म्हटलें जाई. दोष स्वभावाचा नव्हता. एकाला डोंगर चढण्याची सोय होती, दुसऱ्याला नव्हती.

आतां भूगोलाकडे वळूं. ऊन पूर्वीही होतेंच. मग नवें तें काय? हवेंतील कर्बद्विप्राणिल वायु पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता अडवून धरतो. कोळसा जाळून हा वायु वाढविला तर पृथ्वी किती तापेल, याचें गणित स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनीं १८९६ सालींच मांडलें होतें. कारखानदारीचें युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीप्रमाणें २०२४ हें वर्ष त्या जुन्या काळाच्या सरासरीपेक्षां सुमारें दीड अंशानें अधिक उष्ण ठरलें. आपल्या देशाची सरासरी उष्णता १९०१ ते २०१८ या काळांत सुमारें ०.७ अंशानें वाढल्याचें भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयानें २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालांत नमूद आहे.

पाऊण अंशाहूनही कमी! एवढ्यानें काय होणार, असें पुष्कळांना वाटतें. याचें उत्तर कोणताही शिक्षक देऊं शकेल. वर्गांतील पन्नास मुलांच्या गुणांची सरासरी दोन गुणांनीं वाढली, तर मधल्या मुलांत फारसा फरक दिसत नाहीं. पण पूर्वी ऐंशींच्या वर गुण मिळविणारीं दोनच मुलें असतील, तर आतां तीं चार होतात. सरासरी थोडी सरकली तरी टोंकाच्या मुलांची संख्या दुपटीनें वाढते. दिवसांचेंही तसेंच आहे. सरासरींतील पाऊण अंश आपणांस जाणवत नाहीं. परंतु ज्या दिवशीं काम करवत नाहीं अशा टोंकाच्या दिवसांची संख्या त्यामुळें पुष्कळ वाढते. राष्ट्राची कमाई सरासरी अंशांनीं तितकी बुडत नाहीं, जितकी या वाढलेल्या दिवसांनीं बुडते.

ही बूड मोजण्याचे प्रयत्न गेल्या कांहीं वर्षांत झाले आहेत. जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें २०१९ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्याप्रमाणें १९९५ साली उष्णतेमुळें भारतांतील कामाच्या एकूण तासांपैकीं ४.३ टक्के तास वाया गेले, आणि २०३० पर्यंत हें प्रमाण ५.८ टक्क्यांवर जाईल. पूर्णवेळ काम करणाऱ्या माणसांच्या भाषेंत सांगावयाचें तर हें नुकसान ३ कोटी ४० लक्ष नोकऱ्यांइतकें आहे. वर्षाचे तीनशें दिवस कामाचे धरले, तर ५.८ टक्के म्हणजे सतराहून कांहीं अधिक दिवस. एखाद्या वर्षीं सबंध देशानें सतरा दिवस टाळें लावून बसावें, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षांत टाळें सर्वांना लागत नाहीं. जगभर वाया जाणाऱ्या या तासांपैकीं ६० टक्के शेतींतले व १९ टक्के बांधकामांतले असतील, असाही अंदाज त्याच अहवालांत आहे. म्हणजे सतरा दिवसांचें टाळें पंख्याखालीं बसणाराला जवळजवळ लागतच नाहीं, आणि उन्हांत राबणाराला सतराहून कितीतरी अधिक दिवसांचें लागतें.

परंतु छपराखालीं काम करणारे सुरक्षित आहेत, असेंही समजूं नये. ई. सोमनाथन् आणि त्यांचे सहकारी या भारतीय अर्थशास्त्रज्ञांनीं देशांतील कारखान्यांचा बारकाईनें अभ्यास करून २०२१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनीं सुरतेच्या मागांवर विणलेल्या कापडाची रोजची मोजणी तपासली, शिवणकामाचे कारखाने पाहिले, पोलादाचा कारखानाही पाहिला. वर्षाची उष्णता एक अंशानें वाढली तर कारखान्याचें वार्षिक उत्पादन सुमारें दोन टक्क्यांनीं उतरतें, असें त्यांना आढळलें. यंत्रें तींच, माल तोच. कमी पडतो तो माणसाचा हात. जेथें हवा थंड राखण्याची सोय होती, तेथें कामाच्या वेगांतील घट बरीचशी टळली. तरीही तापलेल्या दिवसांत कामगारांची गैरहजेरी वाढल्याचें दिसून आलें. याचें कारण उघड आहे. कारखाना थंड असला तरी कामगाराची खोली पत्र्याचीच असते. रात्रभर ज्याला झोंप लागली नाहीं, तो सकाळीं भोंग्याला कसा हजर होणार?

पत्र्याचें नांव निघालें, म्हणून शाळेचीही एक गोष्ट सांगतों. माझीं पुष्कळ वर्षें पत्र्याच्या छपराखालीं शिकविण्यांत गेलीं. आपल्याकडे उन्हाळा लागतांच शाळा सकाळची करण्याची जुनी चाल आहे, आणि ती फार शहाणपणाची आहे. एका वर्षीं कांहीं कारणानें आमची शाळा मार्च महिनाभर दुपारचीच राहिली. त्रैराशिकाचीं जीं गणितें मुलें पौषांत हंसतखेळत सोडवीत, त्याच गणितांना तीं आतां चुकूं लागलीं. मीं त्यांना आळशी म्हटलें, दोघांतिघांना उभेंही केलें. आज त्याचें वाईट वाटतें. भारतांतील शाळकरी मुलांच्या परीक्षांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. उष्ण दिवस वाढले कीं मुलांचे गणिताचे व वाचनाचे गुण घटतात, असें त्यांत दिसलें. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. हा परिणाम मुख्यतः पिकाच्या हंगामांतील उष्ण दिवसांनीं होतो. उन्हानें पीक बुडतें, घरांतील मिळकत आटते, आणि तिचा फटका मुलाच्या पाटीपर्यंत येऊन पोहोंचतो. मात्र ग्रामीण भागांत रोजगाराची हमी देणारी सरकारी योजना जसजशी जिल्ह्याजिल्ह्यांत लागू झाली, तसतसा हा संबंध पुष्कळच सैल झाला, असेंही त्याच अभ्यासांत आढळलें. घरांत चार पैसे येत राहिले, तर उन्हाला मुलाचे गुण नेतां येत नाहींत. आजच्या मुलाची पाटी म्हणजे वीस वर्षांनंतरचें राष्ट्रीय उत्पन्न आहे, म्हणून या गोष्टीचें मोल फार आहे.

शेतीचा उल्लेख ओघानें आलाच. आपल्या देशांतील काम करणाऱ्यांपैकीं चाळीस टक्क्यांहून अधिक माणसें अद्याप शेतीवर आहेत, आणि राष्ट्रीय उत्पन्नांत शेतीचा वांटा मात्र पांचव्या हिश्शाच्या आसपास आहे. म्हणजे जेथें माणसें अधिक व कमाई कमी, तेथेंच ऊन अधिक लागतें. भारत सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणींत असा अंदाज दिला आहे कीं, हवामानाच्या बदलानें शेतीचें उत्पन्न सरासरीनें १५ ते १८ टक्के, आणि जेथें पाटबंधाऱ्याचें पाणी नाहीं तेथें २० ते २५ टक्के घटूं शकेल. महाराष्ट्रांतील बहुतेक शेती कोरडवाहू आहे, हें आपण जाणतांच. उत्तरेकडील बागाइती मुलुखही यांतून सुटत नाहीं. २०२२ चा मार्च महिना १९०१ पासूनच्या नोंदींत देशांतील सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणांतील गहू ऐन दाणा भरण्याच्या वेळीं होरपळला, दाणे सुरकुतले, उतारा घटला. त्या वर्षीं जगाला गहू पुरविण्याची भाषा चालली होती. परंतु १३ मे २०२२ रोजीं सरकारला गव्हाची निर्यात बंद करावी लागली. शेतांत दोन आठवडे अवेळीं पडलेलें ऊन अशा रीतीनें देशाच्या व्यापाराच्या खात्यांत उतरलें, आणि तेथून शहरांतील घरोघरच्या पिठाच्या डब्यांतही उतरलें.

आतां हिशेबाचा जो सर्वांत महत्त्वाचा भाग, तो सांगतों. उन्हानें एका वर्षाची कमाई घटली आणि पुढच्या वर्षीं सारें पूर्ववत् झालें, तर तोटा एकदांच होतो. पण त्या वर्षीं शेतकऱ्यानें बैल विकला, मजुरानें मुलाला शाळेंतून काढलें, कारखानदारानें नवें यंत्र घेण्याचें लांबणीवर टाकलें, तर पुढच्या वर्षांची वाढही खुंटते. पहिला तोटा सरळ व्याजासारखा आहे. दुसरा चक्रवाढ व्याजासारखा. शंभर रुपये दरसाल सहा टक्क्यांनीं वाढले तर चोवीस वर्षांत सुमारें ४०५ होतात. पांच टक्क्यांनीं वाढले तर सुमारें ३२२ च. एका टक्क्याचा फरक, पण एका पिढीच्या अखेरीस पांचांतला एक रुपया नाहींसा! मेलिसा डेल, बेंजामिन जोन्स व बेंजामिन ओल्कन या अर्थशास्त्रज्ञांनीं २०१२ साली पुष्कळ देशांचे आंकडे तपासून दाखविलें कीं, गरीब देशांत एखादें वर्ष एक अंशानें अधिक उष्ण गेलें तर त्या वर्षीं आर्थिक वाढीचा दर सुमारें १.३ टक्के-अंकांनीं खालीं येतो. श्रीमंत देशांत तसा स्पष्ट परिणाम त्यांना आढळला नाहीं. त्यानंतर २०१५ साली मार्शल बर्क, सॉलोमन शियांग व एडवर्ड मिगेल यांनीं १९६० ते २०१० या पन्नास वर्षांची आंकडेवारी घेतली. वार्षिक सरासरी उष्णता १३ अंशांच्या सुमारास असली म्हणजे देशाची उत्पादकता सर्वांत चांगली असते, आणि त्यापलीकडे ती झपाट्यानें उतरूं लागते, असें त्यांचें म्हणणें आहे. तापमानवाढ न रोखल्यास या शतकाच्या अखेरीस जगाचें सरासरी उत्पन्न, ती वाढ झाली नसती तर जेवढें असतें त्याच्या मानानें, सुमारें २३ टक्क्यांनीं कमी राहील, असा त्यांचा अंदाज आहे. या आंकड्याबद्दल अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तोटा सरळ व्याजाचा कीं चक्रवाढीचा, हाच त्या वादाचा मुख्य मुद्दा आहे. परंतु तोटा होतो याबद्दल वाद नाहीं, आणि उष्ण देशांना तो अधिक होतो याबद्दलही नाहीं. भारताची वार्षिक सरासरी २५ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे आपण उताराच्या बाजूसच उभे आहोंत.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं, उष्ण देशांच्या कपाळीं दारिद्र्यच लिहिलेलें आहे. तो माँतेस्क्यूच्याच चुकीची पुनरावृत्ति करील. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असूनही जगांतील संपन्न देशांपैकीं एक आहे. तेथील पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनीं सत्तेवर येतांच सरकारी कचेऱ्यांत थंड हवेचीं यंत्रें बसविलीं, आणि आपल्या देशाच्या उत्कर्षाचें श्रेय ते या यंत्राला मोकळेपणानें देत. तेव्हां प्रश्न केवळ उन्हाचा नाहीं. उन्हापासून कामाला किती संरक्षण आहे, याचा आहे.

मात्र सिंगापूरचा उपाय आपण जसाच्या तसा उचलूं शकत नाहीं. शेताला छत घालतां येत नाहीं, आणि रस्त्यावर डांबर टाकणाऱ्याला थंड खोलींत बसवितां येत नाहीं. शिवाय हीं यंत्रें आंतील उष्णता बाहेर गल्लींत ओततात, आणि त्यांना लागणारी वीज आपल्याकडे अद्याप मुख्यतः कोळशावर होते. आपल्या खोलीचा थंडावा हा अशा रीतीनें शेजारच्या झोंपडीचा उष्मा होतो.

सुदैवानें स्वस्त उपायही आहेत. मे २०१० मध्यें अहमदाबादेंत उन्हाची भयंकर लाट आली आणि नेहमीपेक्षां १,३४४ माणसें अधिक दगावली. त्या अनुभवानें शहाणें होऊन तेथील महानगरपालिकेनें २०१३ साली उष्णतेपासून बचावाची योजना आंखली. दक्षिण आशियांतील अशी ती पहिली योजना होय. आगाऊ इशारा, पाण्याच्या पाणपोया, दवाखान्यांची तयारी, आणि पुढें गरिबांच्या छपरांना पांढरा चुना, असे तिचे साधे भाग आहेत. पांढरें छप्पर ऊन परतवितें, हें कोंबडीच्या खुराड्याला चुना फांसणाऱ्या बाईलाही ठाऊक असतें. तें नगरपालिकेच्या ठरावांत यावयास एवढीं माणसें मरावीं लागलीं.

दुसरा उपाय वेळ बदलण्याचा. कतार देशानें २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळांत सकाळीं दहापासून दुपारीं साडेतीनपर्यंत उघड्यावरचें काम कायद्यानें बंद केलें आहे. आखातांत कोंकणांतील व गोव्यांतील कितीतरी तरुण पोटासाठीं गेलेले आहेत. त्यांच्या घरच्या माणसांना या साडेपांच तासांचें मोल सांगावें लागणार नाहीं. आपल्या शेतकऱ्याला हें शास्त्र नवें नाहीं. तो झुंजुमुंजूं होतांच औत जुंपतो आणि ऊन चढलें म्हणजे बांधावरच्या झाडाखालीं येतो. झाडें तोडलीं आणि घड्याळावर कामें बांधलीं, तेव्हां आपण हें शहाणपण गमावलें.

तिसरा उपाय तोटा वांटून घेण्याचा. 'सेवा' या स्त्री-कामगारांच्या संघटनेनें २०२३ साली गुजरातेंत आपल्या हजारों सभासदांसाठीं एक विमा सुरू केला. ठराविक मर्यादेपलीकडे ऊन सतत तापलें कीं बुडालेल्या रोजाची कांहीं भरपाई त्यांना मिळावी, ही त्याची कल्पना. रक्कम मोठी नव्हे. पण भाजीवाल्या बाईच्या बुडालेल्या दुपारची नोंद कोठेंतरी झाली, हीच त्यांतली मोठी गोष्ट आहे.

हे सारे उपाय म्हणजे जखमेवरची पट्टी आहे, हें मी विसरलेलों नाहीं. जखम वाढूं नये यासाठीं जगानें कोळसा व तेल जाळणें कमी केलें पाहिजे, आणि ज्या राष्ट्रांनीं तें सर्वांत अधिक जाळलें, त्यांनीं सर्वांत अधिक भार उचलला पाहिजे. सामान्य भारतीय माणसाच्या वांट्याचा धूर सामान्य अमेरिकनाच्या मानानें फारच थोडा आहे. पण त्या भारतीयांतही तफावत आहेच. थंड खोलींत बसून हें भाषण ऐकणाऱ्याचा धूर आणि त्याच्या दाराशीं भर दुपारीं सामान पोहोंचविणाऱ्याचा धूर एकच नव्हे. ज्याचा धूर कमी, त्याच्याच अंगावर ऊन अधिक, हा या सबंध हिशेबांतील सर्वांत मोठा अन्याय आहे.

राष्ट्राच्या उत्पन्नाचे आंकडे सरकार काढील, पंडित त्यांवर वाद करतील. आपल्यापैकीं प्रत्येकाच्या घरीं मात्र या हिशेबाचें एक लहानसें पान आहे. घरीं धुणें-भांडीं करणारी बाई, इमारतीचा रंगारी, वाळू वाहणारा, पत्रें वांटणारा, हीं माणसें त्या पानावर आहेत. त्यांच्या कामाची वेळ सकाळची ठेवणें, पाण्याचा माठ व थोडी सांवली त्यांच्यासाठीं राखणें, आणि उक्तें काम देतांना वैशाखाचा दर मार्गशीर्षाहून अधिक धरणें, एवढें तर कोणताही कायदा न होतां आपल्याला करतां येईल.

गेल्या उन्हाळ्यांत माझ्या घराची गच्ची दुरुस्त करावयाची होती. मीं त्याच गवंड्याला बोलाविलें. काम पहांटे साडेपांचला सुरू करावें, दहाला थांबवावें, आणि मजुरी दिवसांवर द्यावी, असें ठरविलें. शेजाऱ्यांना पहांटेच्या ठोकाठोकीचा थोडा त्रास झाला. त्यांची मीं क्षमा मागितली. काम ठरल्या दिवशीं पुरें झालें. मागील भिंतीच्या दोन दिवसांचे पैसे मीं त्याच्या हातीं ठेवले, तेव्हां ते कशाचे, हें त्याला प्रथम आठवेना. मला आठवत होतें.